बारदाना वजा जाता

हिवरखोप्याच्या हायस्कुलात विज्ञानाचे एक कपाट होते. मुख्याध्यापक मोहनसिंग सरांनी ते मला पहिल्यांदा उघडून दाखवले तेव्हा त्यात पुढील वस्तू होत्या. परीक्षानळ्या अकरा, पैकी चारांना बूड नाही. स्पिरिटचा दिवा एक, वात नाही. लोहचुंबक दोन, त्यांतला एक कशालाच न ओढणारा. अंतर्वक्र आरसा एक, त्याच्या काठाला वाळलेला साबण. शाळेचे शिपाई कोंडीबा रोज त्यात पाहून दाढी करत, आणि अंतर्वक्र आरशाचा हा उपयोग पुस्तकातही दिलेला असल्यामुळे त्यावर आक्षेप घेता येत नव्हता. मानवी सांगाड्याचा तक्ता एक, कमरेच्या वर फाटलेला, म्हणजे पाय तेवढे शिल्लक. तराजू एक, पारडी दोन, वजने शून्य. आणि कपाटाशेजारी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या असलेल्या विज्ञानाच्या शिक्षिका निर्मलाबाई, एक. ही शेवटची नोंद काटेकोर नव्हती. त्यांना आठवा महिना लागला होता.

निर्मलाबाईंचे माहेर औंढा नागनाथचे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे अशी त्यांच्या आईची, जनकाबाईंची इच्छा होती, आणि ती इच्छा औंढ्यावरून येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या कंडक्टरबरोबर ताजी होऊन येत असे. रजेचा अर्ज मंजूर होता. पण मोहनसिंग सरांनी त्यावर खाली एक ओळ लिहिली होती : ‘बदली शिक्षक रुजू झाल्यावर रजा सुरू होईल.’ त्याच सुमारास दहावीला विज्ञान सक्तीचे झाले होते आणि आसपासच्या सात-आठ गावांत बी.एस्सी. झालेला आणि रिकामा असलेला मनुष्य मी एकटाच होतो. तेव्हा बाईंना औंढ्याला जायचे तर मला शाळेत यायला हवे, इतके हे समीकरण सोपे होते. त्यात अज्ञात संख्या एकच होती आणि ती मी होतो.

“पदवी आहे,” मोहनसिंग सर माझे कागद चाळत म्हणाले. “टक्के चांगले आहेत. बी.एड. नाही, पण रजेच्या जागेला चालून जातं. वर्तणुकीचा दाखला आहे. आता एकच राहिलं.”

“काय सर?”

“तुम्ही शरीरानं शिकवायला लायक आहात असा डॉक्टरचा दाखला.” ते माझ्याकडे बघत राहिले. “उंची, वजन, छाती. छाती दोन प्रकारे. एकदा साधी, एकदा फुगवून.”

माझे नाव नरसिंग आहे. ते ठेवले तेव्हा मी दोन दिवसांचा होतो आणि पुढे काय होणार आहे याचा अंदाज कोणालाच नव्हता. माझ्या शरीराबद्दल एवढेच सांगतो की कॉलेजात एका प्राध्यापकांनी बरगड्या शिकवताना मला सदरा काढायला सांगितले होते आणि वर्गाला तक्त्यापेक्षा मी अधिक स्पष्ट वाटलो होतो.

“फुगवून किती लागते?” मी विचारले.

“ते कुठंच लिहिलेलं नाही,” सर म्हणाले. “म्हणून तर भीती वाटते. मागं एक ड्रॉइंग मास्तर घेतला होता दाखल्याशिवाय. ऑडिटवाल्यांनी मला दोन वर्षं पत्रं पाठवली. अजून रात्री स्वप्नात येतात. आता डोळ्यांनी दाखला पाहिल्याशिवाय मी ब्रह्मदेवालासुद्धा खडू देणार नाही.”

निर्मलाबाई हसल्या आणि लगेच खुर्चीत बसल्या. “नरसिंगभाऊ,” त्या म्हणाल्या, “लवकर करा हो. तुमचं फुगवून, अन् माझं न फुगवता.”

गावच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते आणि एक वजनकाटा होता. दोघांचीही नेमणूक एकाच दिवशी झाली होती, पण काटा लवकर थकला. त्याची सुई ब्याण्णववर अडकली होती. मी चढलो, ब्याण्णव. मी उतरलो, ब्याण्णव. डॉक्टर स्वतः चढून म्हणाले, “बघा. इथं सगळे सारखे आहेत.” शेजारच्या टेबलावर बाळे मोजण्याचा पाळण्यासारखा छोटा काटा होता. तो मात्र अगदी बरोबर चालत असे. नर्सबाई त्याला कोणाचा हात लागू देत नसत. पण तो दहा किलोपर्यंतच होता. मी एक क्षण हिशेब केला की हात, पाय आणि डोके आळीपाळीने ठेवून बेरीज करता येईल का, आणि हा विचार कोणाला सांगितला नाही.

टेपही नव्हती. ती खिडकीच्या पडद्याला दोरी म्हणून लावली होती आणि ती काढली तर ऊन थेट रोग्यांच्या डोळ्यांवर येई.

“असं करा,” डॉक्टर म्हणाले, “छाती शिंप्याकडून मोजून आणा, वजन अडतीवर करून आणा. दोघांच्या सह्या घ्या. मी माझी खाली करतो. मोजमाप काय, कोणी केलं तरी मोजमापच असतं.”

हे वाक्य मला त्या वेळी पूर्णपणे पटले. मापन मोजणाऱ्यावर अवलंबून नसते, असे मी तीन वर्षे शिकून आणि त्यावर निबंध लिहून आलो होतो.

चाँद पाशा शिंपी आमच्या दारासमोरच बसत. त्यांनी माझ्या छातीभोवती टेप गुंडाळली, चष्मा वर केला आणि आतल्या बाजूला बसलेल्या आपल्या बायकोला, रहमतबींना, मोठ्याने सांगितले, “चौतीस!”

मी खाली वाकून पाहिले. टेप तीस दाखवत होती.

“चाचा, तीस आहे.”

“तीस तो बदन है, बेटा. माप चौतीस.”

“बदनाचंच माप पाहिजे आहे.”

“मला शिकवून राहिला का?” चाँद पाशांनी टेप गळ्यात टाकली. “तुझी पयली चड्डी मी शिवली. तवापासून चार इंच जादा सोडून राहिलो. वाढतं अंग हाय म्हनून.”

“चाचा, मी बावीस वर्षांचा आहे.”

“मंग? शादी व्हायची हाय अजून. खाना बराबर मिळाला की भरशील.” त्यांनी आत पाहिले. “क्यों, रहमतबी?”

“भरेगा, भरेगा,” रहमतबी आतून म्हणाल्या. “माशाअल्ला.”

मग फुगवून. मी इतका श्वास घेतला की डोळ्यांपुढे बारीक चांदण्या दिसल्या. टेप बत्तीसवर गेली. चाँद पाशांनी त्यात नेहमीचे चार मिळवले आणि वर आणखी दोन, “दम भरताना शिलाई उसवू नये म्हनून.” अडतीस.

मी शास्त्रीय आक्षेप घेतला. तो घेत असताना गल्लीतली माणसे जमा झाली. शेजारच्या कमलबाई हातातले सूप तसेच धरून आल्या आणि सगळे ऐकून म्हणाल्या, “लेकराची छाती वाढवून देऊन राहिले ते, तुला काहून तकलीफ व्हऊन राहिली? दुसरं कोनी फुकट दिलं असतं का?” माझे वडील अमृतराव टपाल वाटून परतले होते. ते सायकल भिंतीला लावत म्हणाले, “चाँद पाशांचं माप आजवर कधी कमी पडलं नाही.” हे खरे होते. माझे सगळे सदरे आजही मला थोडे मोठेच होतात. आई, चतुराबाई, दारातून म्हणाली, “आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तुझी डिग्री लावली हाय. आता एवढ्या छातीसाठी भांडू नको.” चाँद पाशांनी कटिंगच्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले आणि शिक्का मारला.

अडतीवर त्या दिवशी हळदीची आवक होती. छताच्या तुळईला लोखंडी साखळ्यांनी मोठा तराजू टांगलेला होता, आणि त्याच्यापाशी तीस वर्षे उभे असलेले ग्यानोबा मापाडी होते. मी कारण सांगितले. ग्यानोबांनी मला नखशिखान्त पाहिले आणि पारड्याकडे बोट केले. पारडे पोत्यासाठी केलेले असल्यामुळे त्यात उभे राहता येत नाही. मांडी घालून बसावे लागते. मी बसलो. पारडे हळूहळू गोल फिरू लागले. मी फिरत फिरत अडतीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांना एकेकदा दिसलो.

ग्यानोबा दुसऱ्या पारड्यात दहा-दहा किलोची वजने ठेवू लागले. पहिल्या वजनाला मापाडी ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. “लाभ! दोन! तीन! चार!” मग बारीक वजने. “सहा वर! सेहेचाळीस!”

कोपऱ्यात गादीवर बसलेल्या मुनिमांनी न बघता लिहिले : चव्वेचाळीस.

“सेहेचाळीस,” मी पारड्यातून म्हणालो.

“बराबर हाय,” ग्यानोबा म्हणाले. “एक बारदान्याचा, एक कडत्याचा. वजा जाता चव्वेचाळीस.”

ज्यांना अडतीचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो : हळद पोत्यात येते, म्हणून पोत्याचे, म्हणजे बारदान्याचे, एक किलो वजा करतात. हळद थोडी ओली असते, ती वाळून कमी होणार, म्हणून कडत्याचे आणखी एक किलो वजा करतात. या दोन्ही गोष्टी हळदीच्या बाबतीत तर्काला धरून आहेत.

“पण काका, मी पोतं नाही.”

“कपडे घातले न्हाईत का? त्योच बारदाना.”

“बरं, तो एक. पण कडता कशाचा?”

ग्यानोबांनी माझ्या मानेवरून एक बोट फिरवले आणि ते मला दाखवले. घाम होता. “वलं हाय,” ते शांतपणे म्हणाले. “तीस वरसं या काट्यावर हाय मी. सरपंचाच्या हळदीला बी कडता सोडला न्हाई. तू काय लई मोठा मानूस लागून गेला काय? उतर, मागं पोती थांबून राहिली.”

मी उतरलो. माझी पांढरी पँट मागून पिवळी झाली होती. तशीच दवाखान्यात गेलो. दाखला लिहिताना डॉक्टरांनी आकड्यांकडे बघून भुवई वर केली होती, हे मी पाहिले. पण त्याच वेळी विंचू चावलेल्या एका बाईला दहा माणसे घेऊन आली आणि डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्यांवरचे आकडे उतरवून सही केली. मी दाखला घेऊन शाळेत गेलो तेव्हा निर्मलाबाई आठवीला तरफ शिकवून बाहेर येत होत्या. त्यांनी माझ्या पँटकडे पाहिले.

“नरसिंगभाऊ, हळद लागली वाटतं? कळवलं नाही.”

दाखला जिल्ह्याच्या गावी वरच्या कचेरीत गेला. तो ज्या गतीने गेला त्या गतीलाही गती म्हणता येते. पुस्तकातील व्याख्येत किमान वेग सांगितलेला नाही. दरम्यान मी रोज शाळेत जाऊन कपाट आवरत असे. निर्मलाबाई दोन तासांच्या मध्ये खुर्चीत बसून पाय पुढे करत आणि विचारत, “आलं का हो काही?” आले नाही असे कळले की पुन्हा उठत. उठायला त्यांना दरवेळी थोडा अधिक वेळ लागे. नववा महिना लागला. औंढ्याचे निरोप आधी दिवसाला एक होते, ते प्रत्येक गाडीला एक झाले.

शेवटी कागद परत आला. सोबत शेरा होता. मोहनसिंग सरांनी तो मला उभ्याने वाचून दाखवला, कारण वरून आलेला कागद ते बसून वाचत नसत. “उमेदवाराची छाती अडतीस व वजन चव्वेचाळीस दिसते. सबब उमेदवाराच्या छातीत काय आहे याचा खुलासा व्हावा. क्षय नसल्याबद्दल छातीचा फोटो जोडावा. वजन पुन्हा करावे.”



“काय आहे हो छातीत?” निर्मलाबाईंनी विचारले.

“चार इंच चाँद पाशा आहेत,” मी म्हणालो. “फुगवल्यावर सहा.”

त्या हसू लागल्या आणि मध्येच थांबून कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. हसणे संपल्यावर त्या हळू म्हणाल्या, “भाऊ, माझी आई एकटी असते. तिनं सगळी तयारी करून ठेवली आहे. मला इथं शाळेत नको व्हायला.” एवढेच म्हणून त्या नववीच्या वर्गावर गेल्या.

माझ्या वजनाची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. यानंतर आलेले सल्ले मी विषयवार देतो. केळी : अर्धापूरची, रोज दोन डझन, मोजून. रहमतबींकडून पायाचा शोरबा, ज्याने त्यांच्या भावाचे वजन इतके वाढले होते की त्याला सायकल विकावी लागली. एका वृद्ध गृहस्थांकडून तूप नाकात घालण्याची सूचना; त्याचा वजनाशी संबंध मला कळला नाही, पण ते गृहस्थ सगळ्याच तक्रारींवर हे सुचवत. कमलबाईंचा सल्ला सर्वांत थेट होता. त्यांनी आपल्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता आणून माझ्या हातात दिला. “खिशात टाक. वरून सदरा सोड. चाँद पाशाचा सदरा हाय, दोन बत्ते मावतील.”

मी नकार दिला. विज्ञान शिकवण्यास लायक असल्याचा दाखला लोखंडाच्या बत्त्यावर मिळवणे मला योग्य वाटले नाही. पण पाण्याविषयी माझे मत वेगळे होते. पाणी शरीराचाच भाग आहे. माणसात दोनतृतीयांश पाणीच असते. ते सकाळी प्यायले काय आणि आधीपासून असले काय, निसर्ग असा भेद करत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हा मी शेजारून दुधाचे लिटरचे माप आणले आणि दोन मापे पाणी प्यालो. दुसरे माप पिताना आई म्हणाली, “हे बी कॉलेजातच शिकवलं का?”

सेहेचाळीस आणि दोन, अठ्ठेचाळीस. वजा दोन, सेहेचाळीस. यात मला कुठेही चूक दिसत नव्हती.

अडतीवर ग्यानोबा म्हणाले, “लाईनीत.”

माझ्यापुढे हळदीची पोती होती. मी ती मोजली नाहीत. माझे लक्ष दुसरीकडे होते. उभे राहता येईना म्हणून बसलो, बसवेना म्हणून चाललो, चालल्यावर पोटातून जो आवाज येई तो मला बैलाला पाणी पाजल्यावर ऐकू येणाऱ्या आवाजासारखा वाटला. एका शेतकऱ्याने विचारले, “मास्तर, काहून नाचून राहिले?” मला प्रथमच कोणी मास्तर म्हणाले होते, पण त्याचा आनंद घेण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. अखेर माझी पाळी आली. मी पारड्यात बसलो, गोल फिरलो.

“लाभ! दोन! तीन! चार! आठ वर! अठ्ठेचाळीस!”

मी मुनिमांकडे पाहिले. मुनिमांनी लेखणी उचलली. तेवढ्यात ग्यानोबांनी हात वर केला. पोत्यात ओल आहे का हे बघायला ते जसे पोत्याला थापटत, तसे त्यांनी माझ्या पोटाला थापटले आणि कान जवळ नेला.

“वल जादा हाय,” त्यांनी जाहीर केले. “दोन किलो कडता अजून.”

“काका!” मी पारड्यातून ओरडलो. “बाईंची रजा अडकली आहे हो. त्यांना औंढ्याला जायचंय. दोन किलोचा प्रश्न आहे.”

“मंग? बाईसाठी मी खोटं सांगू?” ग्यानोबांना खरोखर राग आला होता. “हे पानी हाय. थोड्या येळानं जाईल. गिऱ्हाइकानं मला इचारलं, ग्यानोबा, पानी काहून विकलं, तर मी काय तोंड दाखवू?”

मुनिमांनी लिहिले : चव्वेचाळीस.

एकच प्रयोग दोनदा करून तेच उत्तर आले तर उत्तर विश्वसनीय मानतात. मी अडतीच्या मागच्या बाजूला धावत जाताना मला हे आठवले.

छातीच्या फोटोसाठी मी जिल्ह्याच्या गावी गेलो. त्या यंत्राबद्दल माझे मत चांगले आहे. सदरा काढा म्हणाले, श्वास धरा म्हणाले, सोडा म्हणाले. कोणी काही मिळवले नाही, कोणी काही वजा केले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फोटोचे मोठे पाकीट घेऊन परतीच्या एसटीत बसलो. पाकीट मोठे असल्यामुळे लोकांनी विचारलेच, आणि विचारल्यावर मला ते काढावे लागले. फोटो खिडकीला लावून सगळ्यांनी पाहिला. कंडक्टर तिकिटाची पेटी सांभाळत वाकला. “आत जागा लई हाय,” तो म्हणाला. “दोन शिटा बसतील.”

औंढ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. नागनाथाचे यात्रेकरू उतरले. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून वाट काढत थेट माझ्या खिडकीशी आली.

“हिवरखोप्याला जानारं हाय का कोनी?”

“मी जातो, मावशी.”

“मंग हे हायस्कुलातल्या निर्मलाला दे. जनकाबाईनं दिलं म्हन. तिच्या आईनं.” त्यांनी खिडकीतून एक गाठोडे आत ढकलले. वर डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि खाली नवे शिवलेले दुपटे. “इकडं आली तर इथंच लागल. न्हाई आली, तर तिथं तरी लागल.” मग त्यांनी आवाज चढवला. “अन् त्यो बदली मास्तर कोन हाय रे मेला? सगळी शाळा त्याच्या छातीसाठी थांबून राहिली म्हने. काहून भरंना त्याची छाती?”

कंडक्टरने माझ्याकडे पाहिले. पाकिटाकडे पाहिले. तोंड वळवून घंटी वाजवली.

“भरली, मावशी,” मी म्हणालो. “फोटो काढलाय.”

“मंग तिला धाडून द्या म्हनावं आजच्या आज!” त्या गाडीबरोबर दोन पावले चालल्या.

मी शाळेत पोचलो तेव्हा दहावीचा तास चालू होता. मोहनसिंग सरांनी पाकीट उघडून फोटो दिव्याखाली धरला. त्यांनी तो उलटा धरला होता. “निर्दोष आहे,” ते म्हणाले. “असं पाकिटावर लिहिलंय. पण वजन पुन्हा चव्वेचाळीसच. हा कागद आता मी असाच वर पाठवू की...”

त्याच वेळी दहावीच्या वर्गातून बाकडी सरकल्याचा मोठा आवाज आला आणि दोन मुली धावत आल्या. “सर! सर! बाई खाली बसल्या!”

निर्मलाबाई फळ्याखाली बसल्या होत्या. एक हात भिंतीला होता आणि दुसऱ्या हातात खडू घट्ट धरलेला होता. चेहऱ्यावर घाम होता. “सर,” त्या मोहनसिंग सरांना म्हणाल्या, “मला आता जायला लागेल.” फाटकाशी विटा उतरवून झालेली एक बैलगाडी होती. कोंडीबांनी तिच्यात वर्गातली सतरंजी अंथरली, मुलींनी बाईंना धरून चढवले, आणि गाडी दवाखान्याकडे निघाली. मी गाठोडे गाडीत ठेवले. बाईंनी त्यावर हात ठेवला. आईच्या गाठी त्यांना ओळखू आल्या असाव्यात.

दहावीचा वर्ग ओरडत होता. मोहनसिंग सर व्हरांड्यात हातात माझ्या छातीचा फोटो धरून उभे होते.

“जा,” ते म्हणाले.

“कुठे सर?”

“वर्गात. दुसरीकडं कुठं?”

“पण माझा दाखला...”

“दाखला मरू द्या हो! त्या बाई...” ते थांबले. मग जुनी पत्रे आठवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “मात्र हजेरीपुस्तकात सही करू नका. तुम्ही इथं नाही आहात.”

अशा रीतीने मी, तिथे नसताना, वर्गात गेलो. फळ्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात ‘श्वसनसंस्था’ असे लिहिलेले होते आणि खाली छातीच्या पिंजऱ्याची आकृती अर्धवट राहिली होती. डाव्या बाजूच्या बरगड्या काढून झाल्या होत्या. आकृती काढणे मला जमत नाही. तक्त्यात पाय होते. मी परत व्हरांड्यात गेलो, सरांच्या हातातून फोटो घेतला आणि तो वर्गाच्या खिडकीच्या काचेवर धरला. ऊन मागून आले आणि मी दिसू लागलो.

ओरडणारी पोरे माना पुढे काढून बघू लागली.

“मोजा,” मी म्हणालो.

त्यांनी मोजल्या. बारा जोड्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “सर, सदरा काढला असता तरी दिसल्या असत्या. फोटूला काहून पैसे घातले?” सगळे हसले. मी त्यांना हसू दिले. तेवढ्या वेळात मी पुढचे वाक्य जुळवत होतो. एका मुलीने बोट केले. “सर, हे दोन्ही बाजूला काळं काळं काय हाय?”

“फुप्फुसं. त्यांत हवा असते, म्हणून काळं दिसतं.”

ती विचार करत राहिली. “मंग सर, चाँद पाशांच्या अडतीस इंचात ती हवाच व्हती का?”

म्हणजे बातमी दहावीपर्यंतही पोचली होती. मी म्हणालो, “दोन इंच हवा होती. बाकीचं उद्या मोजू. येताना प्रत्येकानं दोरा आणा.” उद्या मी असेन की नाही, हे मला माहीत नव्हते. पण वर्गात उभे राहिल्यावर उद्याबद्दल बोलावेच लागते, असे माझ्या लक्षात आले.

शाळा सुटल्यावर मी आणि मोहनसिंग सर दवाखान्यात गेलो. कोंडीबा पायरीवर बसले होते. “पोरगी झाली,” ते म्हणाले. “बाई बऱ्या हायेत. औंढ्याला एसटीच्या कंडक्टरबरोबर सांगावा धाडला, म्हातारी शेवटच्या गाडीनं येईल.” मोहनसिंग सरांनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि अर्ध्या लावलेल्या दाराकडे तोंड करून, फायलीत ओळ लिहिताना बोलत तसे, मोठ्याने म्हणाले, “बाई, रजा आजपासून सुरू धरली आहे. रुजू कोण झालं, कसं झालं, ते माझं मी पाहीन.”

 मग नर्सबाई बाळ घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. जनकाबाईंच्या दुपट्यात गुंडाळलेले होते; त्यातून फक्त एक मूठ बाहेर होती. डॉक्टरांनी छोटा काटा पुढे ओढला. नर्सबाईंनी बाळाला अलगद ठेवले. सुई हलली आणि थांबली.

“तीन किलो,” डॉक्टर म्हणाले आणि लिहिण्यासाठी पेन काढले.

“नरसिंगभाऊ,” आतून निर्मलाबाईंचा आवाज आला. थकलेला होता, पण वर्गातला होता. “दुपटं वजा केलं का?”

डॉक्टरांनी पेन थांबवले. मी नर्सबाईंकडे पाहिले. नर्सबाईंनी बाळ उचलून पायरीवरून आत आलेल्या कोंडीबांच्या धोतराच्या सोग्यात दिले, दुपटे घडी करून एकटेच काट्यावर ठेवले, आणि आम्ही बाकीचे चौघे वाकून सुई बघत राहिलो.

दुपटे, एकशे साठ ग्रॅम. मुलगी, दोन किलो आठशे चाळीस ग्रॅम.